सिग्नलला बंद पडणारी गाडी आणि ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: कुठवर साथ देतो, कुठे हात टेकतो

रस्त्यावर गाडी छान पळते, पण थांबली की इंजिन थडथडायला लागतं. आरपीएमचा काटा सहाशे ते नऊशेच्या मध्ये हेलकावे खातो, एसी लावला की आणखी खाली जातो आणि एखाद्या वेळी क्लच दाबताक्षणी इंजिन बंद. पेट्रोल गाडीच्या तक्रारींमध्ये याइतकी चकवणारी तक्रार दुसरी नाही, कारण हवा, पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन यांपैकी काहीही जरा कमी-जास्त झालं तरी लक्षण तेच दिसतं. मग अंदाजपंचे भाग बदलणं सुरू होतं: आधी प्लग, मग कॉइल, मग थ्रॉटल बॉडीची सफाई, शेवटी टाकीतला पंप. जुने काढलेले सगळे भाग चांगलेच निघतात आणि गाडी होती तशीच.

ईएलएम३२७ धाटणीचा ब्लूटूथ स्कॅनर, म्हणजे गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) सॉकेटला लावून इंजिनाच्या कॉम्प्युटरचे, म्हणजे ईसीयूचे, कोड आणि आकडे फोनवर दाखवणारा काड्यापेटीएवढा डबा, या एकाच कामासाठी कितपत उपयोगी आहे याचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकतो. फक्त कोड वाचायला घेतलात तर काम अर्धवट होईल. चालू इंजिनाचे आकडे बघायला घेतलात आणि त्यातले चार आकडे समजून घेतलेत, तर याच्या किमतीत याच्या जवळपास जाणारं दुसरं हत्यार नाही. डिझेल गाडीसाठी मात्र फार आशा ठेवू नका. खाली ज्या ट्रिमबद्दल, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या बातमीवरून ईसीयू पेट्रोलात टक्क्यांनी करतो त्या वाढ-घटीबद्दल, सविस्तर लिहिलंय तो प्रकारच डिझेलमध्ये नसतो.

आधी घेताना काय बघायचं ते. मूळ ईएलएम३२७ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात मिळतं ते जवळजवळ सगळं नकली चिपवर चालतं, आणि नकली म्हणून ते वाईटच असतं असं नाही. पण खोक्यावर ‘व्हर्जन १.५’ लिहिलंय म्हणून भुलू नका. मूळ कंपनीने १.५ या क्रमांकाची चिप बाजारात आणलेलीच नव्हती, १.४ नंतर थेट २.० आली. ‘२.१’ लिहिलेल्या अनेक स्वस्त नगांत तर काही आज्ञा आणि जुने प्रोटोकॉल गाळलेले असतात. २००८ नंतरच्या, कॅन बसवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या नव्या वायरजोडणीवर) चालणाऱ्या गाडीला त्याने फारसा फरक पडत नाही. जुन्या, के-लाइनवर (आधीच्या एकेरी वायरवर) चालणाऱ्या गाडीत मात्र स्कॅनर नुसता ‘जोडतोय, जोडतोय’ म्हणत बसतो. परत करायची सोय असेल तिथूनच घ्या आणि पहिल्याच दिवशी आपल्या गाडीवर लावून बघा. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालत नाही. लो एनर्जी ब्लूटूथ किंवा वायफाय असलेला नग लागतो. ॲप म्हणून अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्ही या कामाला पुरेसे.

सॉकेट सोळा पिनांचं, बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या वर. त्यातली १६ नंबरची पिन थेट बॅटरीची, चावी काढली तरी चालू. ४ आणि ५ अर्थ. ६ आणि १४ वर कॅन बस. ही पिनांची मांडणी लक्षात ठेवा, पुढे निदानात तिचा अनपेक्षित उपयोग आहे.

पहिली तपासणी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन सुरू न करता करायची. फक्त चावी ऑन. थंड इंजिनात कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं, फार तर चार-पाच अंशांचा फरक. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघालाय, आणि ईसीयू बिचारा बर्फात उभ्या असलेल्या इंजिनाला द्यावं तितकं पेट्रोल ओतत असू शकतो. मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर इंजिन बंद असताना त्याचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाइतका हवा: समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, हजार मीटर उंचीवर ९० च्या आसपास. इथेच आकडा चुकीचा असेल तर पुढचं सगळं गणित चुकणार, हे धरून चाला. बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट.

मग कोड. इथे लोक एक चूक हमखास करतात: कोड दिसला की लगेच ‘क्लिअर’ दाबतात. तसं केलं की कोडबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचे आरपीएम, तापमान, लोड, ट्रिम हे सगळं पुसलं जातं, आणि ईसीयूने शिकून ठेवलेला लाँग टर्म ट्रिमही बहुतेक गाड्यांत शून्यावर येतो. म्हणजे पुरावाच गेला. आधी फोनवर स्क्रीनशॉट घ्या, ‘पेंडिंग’ कोडही बघा. दिवा लागायच्या आधीच बरंच काही तिथे नोंदलेलं असतं.

कोडचा अर्थ ॲप जसा सांगतं तसाच घेऊ नका. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. याचा अर्थ ऑक्सिजन सेन्सर बदला असा होत नाही. तो सेन्सर फक्त बातमी देतोय. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये होणारं मिसफायर (मिश्रण न पेटणं), पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे ठरावीक सिलिंडरमधलं. पी०५०६ म्हणजे आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) हवं त्यापेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटचा. पी०४२० (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड) सोबत असेल तर या तक्रारीसाठी तो सध्या बाजूला ठेवा. पण मिसफायर बराच काळ चालू राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खरोखरच जातो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका.

दोन कोड एकत्र आले तर क्रम महत्त्वाचा. पी०३०२ आणि पी०१७१ बरोबर दिसले तर आधी मिसफायर बघा. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो, सेन्सर त्याला ‘पातळ’ म्हणतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. हवेची गळती शोधण्यात दिवस जातो आणि दोष असतो एका कॉइलचा.

आता ज्यासाठी हा डबा घ्यायचा ते. ॲपमध्ये फक्त चार आकडे निवडा: आरपीएम, शॉर्ट टर्म ट्रिम (क्षणाक्षणाची वाढ-घट), लाँग टर्म ट्रिम (शिकून ठेवलेली) आणि मॅप किंवा मॅफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) यांपैकी गाडीत जो असेल तो. वीस गेज लावून स्क्रीन सजवली की प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी बदलतो, आणि आयडलची गडबड त्याहून कमी वेळात होऊन जाते. के-लाइनवरच्या जुन्या गाड्यांत तर हे फारच जाणवतं.

इंजिन पूर्ण गरम करा, कूलंट ८५ ते १०० च्या मध्ये येऊ द्या, इंधन प्रणाली ‘क्लोज्ड लूप’मध्ये (ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल ठरवण्याच्या अवस्थेत) गेली आहे हे बघा. एसी, दिवे, ब्लोअर सगळं बंद. आयडलला एक मिनिट आकडे बघा. मग न्यूट्रलमध्येच रेस देऊन २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून ठेवा आणि परत बघा. दोन्ही ट्रिमची बेरीज करायची (अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, वजा म्हणजे कमी करतोय). निरोगी गाडीत ती अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असते. दहापर्यंत चालवून घेता येतं.

समजा आयडलला शॉर्ट टर्म अधिक ९, लाँग टर्म अधिक १६. बेरीज पंचवीस. २५०० वर तेच अधिक १ आणि अधिक ४. हे चित्र ठसठशीत आहे: थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. भोक तेवढंच राहतं, पण आयडलला इंजिन एकूण हवाच कमी ओढतं, म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो. रेस दिली की तो वाटा किरकोळ होतो. इनटेक मॅनिफोल्डची गास्केट, तडकलेला व्हॅक्यूम पाइप, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये परत आणणाऱ्या व्हॉल्व्हचा) फाटलेला पडदा, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), यांपैकी काहीतरी.

याच्या उलट, आयडलला ट्रिम ठीक आणि रेस किंवा चढ लागला की चढत गेला, तर हवेची गळती विसरा. तिथे पेट्रोल कमी पडतंय: थकलेला पंप, चोंदलेला फिल्टर. किंवा मॅफ सेन्सरच्या तारेवर मळ बसलाय. मळलेला मॅफ बऱ्याचदा आयडलला हवा जास्त दाखवतो आणि वेगात कमी, त्यामुळे आयडलला ट्रिम वजा आणि वेगात अधिक असं कात्रीसारखं चित्र दिसतं. मॅफ साफ करायला मॅफचाच स्प्रे वापरा. कार्ब क्लीनरने ती तार कायमची बिघडू शकते.

दोन्हीकडे वजा, उणे पंधरा वगैरे, म्हणजे पेट्रोल जास्त. गळका इंजेक्टर, प्रेशर रेग्युलेटरचा फाटलेला पडदा (त्याच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल ओलं लागतं), किंवा ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल पीसीव्हीतून परत येतंय. डिपस्टिक काढून वास घ्या, अर्ध्या मिनिटात कळतं.

इथे एक मोठी मेख आहे, ती न कळल्यामुळे अनेकजण या स्कॅनरला नावं ठेवतात. वरचं गळतीचं चित्र मॅफवाल्या गाडीचं आहे. ज्या गाडीत मॅफ नाही, फक्त मॅप आहे, तिथे गळतीची हवा मॅनिफोल्डमधला दाब वाढवते, मॅप तो दाब मोजतो आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही देतो. मिश्रण बऱ्यापैकी जुळतं, ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडलच चढतं किंवा वरखाली करत राहतं. अशा गाडीत मॅपचा आकडा आणि पी०५०७ यांच्याकडे बघायचं. समुद्रसपाटीला गरम इंजिनाचा मॅप आयडलला साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. पन्नासच्या वर गेला तर गळती, उघडा राहिलेला ईजीआर (जळका धूर परत आत सोडणारा व्हॉल्व्ह), सरकलेलं टायमिंग किंवा कॉम्प्रेशनची कमतरता.

ईजीआरचं चित्र वेगळं ओळखता येतं. व्हॉल्व्ह कार्बनने उघडाच अडकला की आयडलला इंजिन प्रचंड थडथडतं आणि रेस देताच लोण्यासारखं गुळगुळीत होतं. मॅफच्या गाडीत ट्रिम मात्र जवळपास ठीकच दिसतात, कारण आत जळका धूर येतोय, ताजा ऑक्सिजन नाही. मॅपच्या गाडीत ते उलट वजा बाजूला झुकतात.

गळती आहे एवढं स्कॅनर सांगतो. कुठे आहे ते सांगत नाही. ती जागा हाताने शोधायची, पण डोळे शॉर्ट टर्म ट्रिमवर ठेवून. सगळ्यात आधी पर्ज व्हॉल्व्ह. पेट्रोल भरून निघाल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देते किंवा लगेच बंद पडते, असं असेल तर संशय याच्यावरच. थंड इंजिन सुरू करून पर्ज व्हॉल्व्हची टाकीकडची नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. थंड असताना तिथे ओढ जाणवायला नको. बोट चिकटत असेल तर व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. गरम इंजिनात ही परीक्षा घेऊ नका, तेव्हा ईसीयू स्वतःच त्याला टिकटिक उघडत असतो.

मग पीसीव्ही. आयडलला ऑइलचं झाकण सैल करून बघा. झाकण आत घट्ट ओढलं जातंय, शिट्टीसारखा आवाज येतोय आणि उचलताच आयडल एकदम बदलतंय, तर पडदा फाटलाय. ब्रेक बूस्टरची नळी चिमट्याने दाबा. ट्रिम खाली आला तर गळती बूस्टरच्या बाजूला. राहिली गास्केट. तिच्या कडेने कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारायची पद्धत प्रसिद्ध आहे, आणि गळतीच्या जागी फवारा लागला की शॉर्ट टर्म ट्रिम धाडकन खाली येतो हेही खरं. पण तो पेट घेणारा द्रव आहे आणि हातभर अंतरावर तापलेला एक्झॉस्ट आहे. अग्निशामक जवळ नसेल तर करूच नका. साध्या पाण्याच्या बारीक फवाऱ्यानेही आयडलमध्ये फरक जाणवतो. धुराचं मशीन असलेलं गॅरेज मिळालं तर त्याहून उत्तम.

थ्रॉटल बॉडीच्या सफाईबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवं, कारण आयडलच्या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून तीच केली जाते. पाकळीच्या कडेला काळा थर बसला की आयडलची हवा कमी पडते, ईसीयू पाकळी जरा जास्त उघडून भरपाई करतो. सफाईच्या आधी आयडलला थ्रॉटलचा आकडा टिपून ठेवा, नंतर परत बघा. तो खाली आला तर थर खरोखरच आड येत होता. चावी बंद ठेवून, कापडावर क्लीनर घेऊन पुसायचं. चावी ऑन असताना पाकळीत बोट घालू नका, मोटर ती बंद करू शकते. आणि सफाईनंतर आयडल आधीपेक्षा वाईट झालं तर घाबरू नका. ईसीयू जुन्या, मळलेल्या पाकळीच्या हिशेबाने चालतोय, त्याला नव्याने शिकवावं लागतं. काही गाड्या गरम इंजिन सगळं बंद ठेवून पाच-दहा मिनिटं आयडलला चालवलं की आपोआप शिकतात, काहींना कंपनीच्या पद्धतीने आज्ञा द्यावी लागते. ती आज्ञा हा स्कॅनर बहुतेक गाड्यांत देऊ शकत नाही. त्याची ही खरीखुरी उणीव आहे.

मिसफायरसाठी ॲपमधला ‘मोड ०६’ (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकाल) हा भाग वापरा; कॅन बसच्या गाड्यांत बहुधा मिळतो. ए२ म्हणजे पहिला सिलिंडर, ए३ दुसरा, असं पुढे. त्यात ०सी या ओळीत चालू फेरीतली मिसफायरची संख्या. तीन सिलिंडर शून्य आणि एक दोनशे, तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि गाडी पुन्हा चालवा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल. नाही सरकला तर प्लग तसाच सरकवा, मग इंजेक्टर, आणि तिथेही जागचा हलला नाही तर कॉम्प्रेशन गेज हातात घ्यायची वेळ आली. मिसफायर सगळीकडे शून्य, ट्रिम निरोगी आणि तरीही केबिन थरथरतंय, तर इंजिन माउंट बघा. ते रबर फाटलं की व्यवस्थित चालणारं इंजिनही आजारी वाटतं.

आता अचानक बंद पडणं. इथे फक्त आरपीएम आणि ईसीयूचा व्होल्टेज निवडून नोंद चालू ठेवा. आरपीएम सातशे, पाचशे, तीनशे असे धडपडत खाली आले तर हवा-पेट्रोलचा प्रश्न. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असताना, चाकं इंजिनाला फिरवत असतानाही आरपीएम थेट शून्य दिसले, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटतोय. गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर सुरू, ही त्या सेन्सरची जुनी सवय. स्टार्टर मारताना आरपीएम दीडशे-दोनशे दिसायला हवेत. स्टार्टर फिरतोय आणि आकडा शून्य, तर तिथेच थांबा. मात्र स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज पडून स्वस्त नगाचं कनेक्शनच तुटतं. ते आणि हे यात गल्लत नको.

आणि इथे ती १६ नंबरची पिन कामाला येते. स्कॅनरला वीज थेट बॅटरीतून मिळते, ईसीयूला मेन रिलेमधून. इंजिन बंद पडलं त्या क्षणी स्कॅनरचा दिवा चालू आहे, फोनशी जोडणीही आहे, पण ॲप म्हणतंय ‘ईसीयू उत्तर देत नाही’: मग वीज ईसीयूचीच गेली. मेन रिले, इग्निशन स्विच किंवा अर्थची सैल वायर. सेन्सर बदलून काही होणार नाही.

चालू इंजिनाचा व्होल्टेज साधारण १३.५ ते १४.७ असतो, काही नव्या गाड्या तो मुद्दाम कमी ठेवतात. पण दिवे आणि ब्लोअर लावल्यावर आयडलला तो १२.५ च्या खाली घसरत जाऊन तिथेच राहिला तर अल्टरनेटर आणि बेल्ट तपासा.

याला न दिसणाऱ्या गोष्टी: पेट्रोलचा दाब (साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत सेन्सरच नसतो), कॉम्प्रेशन, इंजेक्टरचा फवारा, ठिणगीचा जोर. पंपावर संशय असेल तर रेलवर प्रेशर गेज लावण्याला पर्याय नाही.

वापरात दोन गोष्टी खटकतात. बरेचसे नग चावी बंद केल्यावरही झोपत नाहीत. चाळीस मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास जातो. दोन-तीन आठवडे उभी असलेल्या छोट्या गाडीची बॅटरी अर्धी रिकामी. काम झालं की काढून ठेवा. दुसरं, ब्लूटूथ जोडणीचा पिन (गुप्त क्रमांक) बहुतेकांत १२३४ किंवा ००००, त्यामुळे लावून ठेवलेला नग शेजारच्या कुणाच्याही फोनला जोडता येतो.

दुरुस्ती होऊन आयडल शांत झालं की त्याच दिवशी, गरम इंजिनावर, आयडल आणि २५०० चे चारही आकडे फोनमध्ये तारखेसह जपून ठेवा. पुढच्या वेळी गाडी थडथडली की तुलना करायला पुस्तकातल्या सरासरीऐवजी तुमच्याच इंजिनाचे आकडे हाताशी असतील.